बंदूकवाले इंगवले

समोरून माणूस जात असला की इंगवले काका टीव्हीचा रिमोट जमिनीकडे करायचे. माणूस पुरता पलीकडे गेला, सोफ्यावर टेकला, की मग रिमोट वर आणि मग बटण. एकदा आमच्याकडे मॅच बघायला आले होते. मी भज्यांची ताटली घेऊन नेमकी मध्ये उभी राहिले, तर शेवटची ओव्हर मुकी गेली, पण त्यांनी आवाज वाढवला नाही. नवरा कळवळला, "काका, रिमोट आहे हो तो! दाबा ना!"

काका शांतपणे म्हणाले, "समोर कोण उभं आहे ते आधी बघायचं, नागपूर. हातात काय आहे ते नंतर."

नागपूर म्हणजे माझा नवरा. मी मिरज. काका कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात "ए डोंबिवली, खुर्च्या लाव की जरा" असं ओरडले की चार जण एकदम उठायचे. ते स्वतः कोल्हापूरचे, त्यामुळे मिरजेच्या पोरीवर आपला शेजारधर्मानं अधिकार आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तो अधिकार ते फुकट चहा मागून बजावायचे. मंडळातली माणसं मात्र पाठीमागे त्यांना "बंदूकवाले इंगवले" म्हणायची. यमक जुळत होतं, आणि खोटंही नव्हतं.

आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला आलो ते दोन हजार एकच्या शरदात, त्या विमानहल्ल्यांच्या पाठोपाठ, म्हणजे अगदी नको तेव्हा. दुकानाच्या रांगेतसुद्धा आपल्या रंगाच्या माणसानं जपून उभं राहायचे दिवस होते ते. नवऱ्याचा व्हिसा कंपनीच्या हातात, कंपनी मंदीच्या हातात, आणि मी दिवसभर घरात. कुणाशी बोलायला मिळेल म्हणून मंडळाच्या दिवाळीला गेले. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये कार्यक्रम होता. तिथे पाच-सहा वर्षांचा एक पोरगा पुण्याच्या आजीनं पाठवलेली टिकल्यांची बंदूक घेऊन फिरत होता. त्यानं ती एका उंच, टक्कल पडलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर रोखली आणि "ठो!" केलं.

म्हातारा गुडघे मोडून खाली बसला. "हे काय आहे?"

"इट्स जस्ट अ टॉय."

"टॉय आहे ना? मग टॉयवरच शिकायचं. बोट बाहेर, चापावर नाही. तोंड भिंतीकडे. भिंतीमागं कोण आहे ते आई-बाबांना विचारून ये. आणि टिकली सगळ्यात शेवटी."

पोरगा हरखला. खरंच भिंतीमागे कोण आहे ते बघून आला. तेवढ्यात त्याची आई आली आणि तिनं बंदूक काढून घेतली. "काका, प्लीज. आम्ही घरात हा विषय काढत नाही."

"काढत नाही म्हणूनच त्यानं माझ्या छातीवर धरली की, बाई," काका म्हणाले.

बाई वड्यांच्या ट्रेकडे निघून गेली. पुढचा तासभर काकांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बसायला जागा हवी होती, म्हणून मी बसले. ओळख झाली ती अशी. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

काका इंजिनिअर. तिशीच्या आत इथे आले, कारखान्यांची यंत्रं डिझाइन करत निवृत्त झाले. सुमनकाकू आम्ही यायच्या आदल्याच वर्षी गेल्या. मुलगा विश्वास कॅलिफोर्नियात, त्याला एक मुलगी, ईशा. काकांचं घर शॉमबर्गला लागून असलेल्या एका छोट्या गावात होतं. इथे उपनगरालासुद्धा सरकारी कागदांवर 'व्हिलेज' म्हणतात. काकांना त्याची मोठी गंमत. "अख्खं कोल्हापूर म्हणालं पोरगं अमेरिकेला गेलं. मी आपला आहे खेड्यातच." घराच्या पुढे काकूंनी लावलेलं रेडबडचं झाड होतं. त्याची पानं आपट्याच्या पानांसारखीच दिसतात आणि ऑक्टोबरात पिवळीजर्द होतात. दसऱ्याचं सोनं अख्खं मंडळ तिथून न्यायचं, अगदी बंदुकीला नावं ठेवणारेसुद्धा.

तर ती बंदूक. ते पॉइंट टू-टूचं, म्हणजे बारक्या गोळीचं पिस्तूल होतं, निशाणेबाजीचं. कपाटात बोल्टनं आवळलेली पोलादी पेटी, त्यात ते. गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. काका बोलताना कुणाकडे बोटसुद्धा करायचे नाहीत, सबंध तळवा करायचे. बागेत पाणी घालताना मी गेले तर नळी खाली. आणि मंडळात कुणी भांडताना दुसऱ्यावर बोट रोखलं की काकांचा आवाज यायचा, "बोट बाहेर!" निम्म्यांना त्याचा अर्थ कळायचा नाही, पण भांडण जरा थांबायचं खरं.

मी काही त्यांच्या बाजूची नव्हते. मला बंदुकीची भीती वाटते, आजही वाटते, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. "काका, एवढ्या मोठ्या देशात दुसरा छंद नाही मिळाला? तिकिटं जमवा, ब्रिज खेळा."

मग ते कोल्हापूरची गोष्ट सांगायचे, दोन आवाजांत. कॉलेजात एनसीसीत नेमबाजीची बक्षिसं मिळाली, म्हणून स्वतःच्या पिस्तुलासाठी अर्ज केला. कचेरीतले भाऊसाहेब पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "शेती किती?"

"नाही."

"शत्रू किती?"

"नाहीत."

"मग बंदूक कशाला?"

"नेम धरायला."

अख्खी कचेरी हसली म्हणे. अर्ज गेला तो गेलाच. "आणि इथे नागरिक झालो, दुकानात गेलो. बंदुकीसाठी लागतं ते राज्याचं कार्ड काढलं, पोलिसांनी माझी कुंडली तपासली, थांब म्हणाले तेवढं थांबलो. तपासा की! माणूस कसा आहे ते सरकारनं तपासलंच पाहिजे. पण 'कशाला' असं कुणी विचारलं नाही. ज्याला 'कशाला' विचारतात ती परवानगी, मिरज. ज्याला विचारता येत नाही तो हक्क."

"चाकूलाही कुणी 'कशाला' विचारत नाही, पण चाकूनं भाजी तरी चिरता येते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सुमन गेल्यावर शनिवारच्या सकाळी काय केलं असतं गं मी?"

मी उठून चहा टाकला.

एका शनिवारी सकाळी आम्हीही त्यांच्याबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, गेलो. नागपूर जाम उत्साहात होता. दारातच काकांनी हात आडवा धरला. "बघायचं. हात लावायचा नाही. तुम्ही व्हिसावर आहात, कायद्यात बसत नाही."

"अरे यार काका, एकदा तर! कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

मग आम्ही कानांवर ते जाडजूड मफ लावून काचेमागे उभे राहिलो. काका हात लांब करून उभे राहिले आणि इतके स्थिर झाले की मला भीती वाटली, माणसाला काही झालं की काय. मग एक बारकासा आवाज. कागदाच्या मधोमध भोक. पुन्हा स्थिर. बाकीचे सगळे टोपीवाले, दाढीवाले, ट्रकवाले गोरे लोक. ते काकांना 'शँक' म्हणायचे, कारण शंकरराव त्यांच्या जिभेला झेपायचं नाही. बाहेरच्या बाकावर काका भडंगाचा डबा उघडायचे आणि ती माणसं मुठीमुठीनं खायची, नाक पुसायची, आणि पुन्हा खायची. इतकं आपलेपणानं काकांशी बोलताना मी मंडळातल्या कुणालाच पाहिलं नव्हतं.

परत येताना मी विचारलं, "ही मंडळी घरी येतात का तुमच्या?"

"नाही गं. ते रेंजवरचे. मंडळ मंडळातलं."

"आणि घरचं कोण?"

त्यांनी गाडीचा आरसा सारखा केला. मग म्हणाले, "घर आहे की."

कॅलिफोर्नियाहून मुलगा मात्र येत नव्हता. ईशा रांगायला लागली तेव्हाच विश्वासनं सांगितलं होतं की पिस्तूल घरात आहे तोवर मुलीला आणणार नाही. काका पेटीचे फोटो पाठवायचे, कुलपांचे फोटो पाठवायचे. त्यानं कधी उलट दुरुत्तर केलं नाही, पण आणलंही नाही. दर वाढदिवसाला ईशाचा फोन यायचा, "हॅपी बर्थडे, आजोबा," आणि मागून विश्वासचा आवाज, "नाऊ से बाय." काका तो फोन झाल्यावर रिसीव्हर पुसून ठेवायचे, का ते देव जाणे.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावच्या सभेनं ठराव आणला की गावाच्या हद्दीत कुणी पिस्तूल बाळगायचं नाही, स्वतःच्या घरातसुद्धा नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पोलिसांकडे जमा करावं नाहीतर हद्दीबाहेर न्यावं. काका सूट घालून सुनावणीला गेले. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी मागच्या रांगेत होते.

"मी या गावात तीस वर्षांच्या वर राहतो," ते इंग्रजीत, कोल्हापुरी उच्चारात, एकेक शब्द ठेवत म्हणाले. "माझ्या पिस्तुलानं कागदाला भोकं पडली, दुसऱ्या कशालाही नाही. ज्याला वाईट करायचंय तो तुमचा ठराव वाचायला थांबणार नाही. हा ठराव फक्त मलाच लागू होणार, कारण मीच तो पाळणार."

टाळ्या पडल्या हो! सगळ्यांच्या नाही, पण पडल्या. बाहेर स्थानिक पेपरची एक तरुण बातमीदार बाई आली आणि मुलाखत मागितली. काका एरवी पेपरवाल्यांवर भयंकर चिडून असायचे. कुठेही काही घडलं की टीव्हीवर तीच काळी मशीनगन दाखवतात, साध्या रायफलीला काहीही नाव देतात, म्हणून संपादकांना पत्रं लिहायचे. ती पत्रं छापून यायची ती निम्मी कापून. पण ही बाई घरी येते म्हणाली, आणि काका विरघळले. "दसऱ्याला या," म्हणाले. "आमचा सण असतो."

इथेच घोडं अडलं. सणाला कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि घरात आलेल्याला सगळं दाखवायचं, ही आपली खोड.

मी श्रीखंड घेऊन गेले होते. काकांनी पाटावर लाल कापड घातलं होतं. त्यावर काकूंची विळी, त्यांची स्वतःची ड्रॉइंगची कंपासपेटी, आणि पिस्तूल, उघडं, रिकामं, आतलं सगळं दिसेल असं. तिन्हींना हळदकुंकू, तिन्हींवर झेंडू. बाईबरोबर फोटोग्राफर होता. तिनं विचारलं, हे काय चाललंय?

"वन्स अ इअर, वुई वर्शिप अवर वेपन्स," काका कौतुकानं म्हणाले.

मी त्यांना कोपर मारलं. मराठीत पुटपुटले, "काका, वर्शिप नका म्हणू. ऑनर म्हणा."

"ऑनर म्हणजे सत्कार. सत्कार नगरसेवकाचा करतात. पूजेला पूजाच म्हणतात."

आणि मग त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली, जी मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली. त्यांच्या पणजोबांच्या घरात एक तलवार होती. इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला, चौकीवर जमा करा म्हणाले. पणजोबा तलवार घेऊन गेले, पण म्यान घरी विसरले, नाहीतर मुद्दामच ठेवून गेले. तलवार परत आली नाही. तेव्हापासून इंगवल्यांच्या घरात दसऱ्याला रिकाम्या म्यानाची पूजा व्हायची. काकांनी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, यात काय आहे? वडील म्हणाले, यात काही नाही, तेच लक्षात ठेवायचं.

बाईनं भराभर लिहून घेतलं. जाताना काकांनी तिच्या हातात रेडबडचं पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि त्याचं इंग्रजीही करून सांगितलं. मला वाटलं, चांगलं झालं सगळं.

रविवारच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो. विळी कापलेली. कंपासपेटी कापलेली. नुसतं पिस्तूल, त्यावर कुंकू आणि फूल, आणि मागे काकांचे जोडलेले हात. मथळा: 'तो आपल्या बंदुकीची पूजा करतो'. वर्शिप्स. आत तलवारीचं नाव नाही, म्यानाचं नाही. पान दिल्याचं मात्र होतं, आणि ते असं लिहिलं होतं की काका कुठल्यातरी गुप्त पंथात माणसं भरती करताहेत. दोन दिवसांनी टीव्हीची व्हॅन त्यांच्या दारात.

मी रागानं लाल झाले होते. काका पेपर समोर धरून एवढंच म्हणाले, "चूक काहीच नाही गं यात. शब्द माझाच आहे."

खरा घाव तिथून नाही आला. मंडळाच्या अध्यक्षांचा, म्हणजे काकांच्या भाषेत ठाण्याचा, फोन आला. निम्मं मंडळ व्हिसावर, दिवस असे, लोक घाबरलेत, जरा लो प्रोफाइल राहा. काका बरं म्हणाले. पण मंडळानं पुढच्या आठवड्यात त्याच पेपरात खुलासाही दिला की महाराष्ट्रीय लोक शस्त्रांची पूजा करत नाहीत, ही एका व्यक्तीची खासगी समजूत आहे.

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा आवाज चढवताना पाहिलं. फोन स्पीकरवर होता. "करत नाही म्हणून लिहून दिलं? अरे ठाणे, परवा तुझ्या गाडीला हार घातलास ना? लॅपटॉपला कुंकू लावलंस की नाही? झेंडू माझ्याकडून घेऊन गेलास! तुझा लॅपटॉप तो देव आणि माझं ते भूत होय?"

"काका, तसं नाही... यू हॅव टू अंडरस्टँड..."

"मला कळतंय रे. भीती कळते मला. पण खोटं कशाला सांगितलंस?"

फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "पेपरवाली परकी होती, मिरज. तिला काय ठाऊक?" असं म्हणाले, आणि डोळे पुसले. लपवले वगैरे नाहीत, सरळ पुसले.

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाचं त्यांना बोलावणं आलं नाही. त्यानंतर रेडबडची पानं न्यायलाही कुणी आलं नाही.

ठराव पास झाला. पोलीसप्रमुख काकांना ओळखत होता. तो स्वतः घरी आला, कॉफी प्यायला, आणि म्हणाला, पावती देतो, कुलपात ठेवतो, जमा करून टाक. काका त्याला म्हणाले, तुझ्यावर विश्वास आहे, पण आमच्या घरातून एकदा जमा झालेलं आहे. त्याला ते समजलं नाही. बिचाऱ्याला कसं समजणार?

मी म्हटलं, रेंजच्या लॉकरमध्ये ठेवा ना! हद्दीबाहेर आहे. शनिवारी तिथेच तर लागतं. घरही राहील, पिस्तूलही राहील.

"माझी वस्तू माझ्या घरात चालत नाही, तर मीही चालत नाही."

"मग गुपचूप ठेवा. कोण बघायला येतंय?"

"कायदा मोडायचा असता तर एवढं भांडलो कशाला असतो? तो आहे तोवर पाळायचा आणि चुकीचा आहे म्हणून सांगत राहायचं." आणि घर विकायला काढलं. तीस वर्षांचं घर. मी डोक्याला हात लावला.

विश्वासचा फोन आला तेव्हा मी खोकी भरत होते. त्याला आशा होती की बंदी आली, आता तरी ते पिस्तूल जाईल, ईशाला घेऊन येता येईल. घर विकताहेत हे कळल्यावर तो रडायलाच आला. "डॅड, यू आर चूझिंग अ गन ओव्हर मॉम्स हाऊस."

"तुझी आई असती तर ट्रक तिनंच बोलावला असता," काका म्हणाले.

पलीकडे फोन बंद झाला. काकांनी रिसीव्हर पुसून ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बोलावला असता ना गं?"

मी सुमनकाकूंना कधी पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, "बोलावला असता, काका."

हद्दीच्या मोठ्या रस्त्यापलीकडे एका तीनमजली इमारतीत त्यांनी एका बेडरूमचा अपार्टमेंट घेतला. "अलीकडे गुन्हा, पलीकडे हक्क, मध्ये सिग्नल," असा विनोद त्यांनी पहिल्या दिवशी केला. दुसऱ्यांदा केला नाही. पेटी बसवायला तिथल्या भिंती पातळ निघाल्या, मग जमिनीत बोल्ट मारून घेतले. शेजारी कोण राहतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी दर रविवारी जायचे, पोरांना नागपूरकडे सोपवून. जेवण झाल्यावर "बस की अजून" असं आधी कधी म्हणत नसत, ते आता दोन-दोनदा म्हणायचे.

दोन हजार सातमध्ये एका विद्यापीठात गोळीबार झाला. कितीतरी पोरं गेली. मी गेले तेव्हा टीव्ही बंद होता आणि काका अंधारलेल्या खोलीत बसले होते. माझा संताप अनावर झाला होता. मी म्हटलं, "आता काय म्हणायचंय तुम्हाला?"

"उत्तर आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "करणारा एक, आणि शिक्षा पाळणाऱ्याला, हे मला आजही पटत नाही. पण आज मी बोलणार नाही. आज त्यांच्या आईबापांचा दिवस आहे." त्यानंतर कितीतरी शनिवार ते रेंजवर गेले नाहीत.

आणि मग पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये वॉशिंग्टनहून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की घरात पिस्तूल ठेवणं हा माणसाचा हक्क आहे. आजूबाजूच्या गावांनी घाबरून आपापल्या बंद्या मागे घ्यायला सुरुवात केली. काकांचा फोन आला, आवाजच ओळखू येईना. "मिरज, आमचं गाव पण घेतंय मागे! सभा आहे. मला ने की. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी चालवायची नाही म्हणालाय डॉक्टर."

न्यायला गेले तर काका सुटात, आणि हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. "सभेला वाटायला. हरलेल्यांनाही द्यायचे. आणि ती पेपरवाली येईल ना, तिला पहिला."

खोलीत सभेची माणसं सोडली तर आम्ही दोघंच होतो. पेपरवाली नव्हती, कुणीच नव्हतं. अध्यक्षांनी फुटपाथची दुरुस्ती, भाजीबाजाराची वेळ आणि पिस्तूलबंदी रद्द करणं असे सगळे विषय एकत्र वाचले. सगळे एकसुरात "आय", म्हणजे मंजूर, म्हणाले. झालं. काका उभे राहीपर्यंत पुढचं पान उलटलं होतं. त्यांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला.

अध्यक्ष चष्म्यावरून बघून प्रेमानंच म्हणाले, "तो विषय संपला, सर. सगळं ठीक झालंय. यू कॅन गो होम."

काका "थँक यू" म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी बॉक्स मांडीवर घेतला. मग म्हणाले, "घरी जा म्हणाला." मी गाडी सुरू केली. "बरोबरच आहे. आता त्या घरात ठेवायला कायद्याची काही हरकत नाही. आपण जिंकलो, मिरज. घे पेढा."

मी घेतला.

"विश्वासला सांगू का गं?" त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आतच म्हणाले, "नको. कामात असेल."

त्यांच्या इमारतीपाशी मी गाडी थांबवली. वर येते म्हटलं तर नको म्हणाले, तुझी पोरं वाट बघत असतील. उन्हाळ्याची संध्याकाळ, लख्ख उजेड होता. काका दारापर्यंत गेले, तेवढ्यात आतून एक तरुण माणूस कुत्रा घेऊन बाहेर पडला. काकांनी दार धरलं आणि दुसऱ्या हातानं बॉक्स पुढे केला. काहीतरी बोललेही. त्या माणसानं कानातली वायर न काढता हसून तळवा हलवला, नको नको, आणि कुत्र्यामागे निघून गेला.

काका बॉक्स तसाच पुढे धरून दारात उभे राहिले, आणखी कुणी बाहेर येतंय का बघत.